लेफ्ट आउटची काच

काचेवर तोंडाची वाफ बसली की मी आजही ती लगेच बाहीने पुसून टाकतो. चष्मा असो, आरसा असो, कपाटाचं दार असो. घरातल्यांना हे माझ्या स्वच्छतेच्या खुळापैकी एक वाटतं, आणि मीही त्यांना तसं वाटू दिलं आहे. खरं कारण वेगळं आहे. वाफ बसली की काचेवर पुसलेलंही परत दिसतं. आणि मी एकदा एका काचेवरून जे पुसलं, ते पुसायला नको होतं.

गोष्ट सोलापुरातली, बोलपट यायला लागले त्या सुमाराची. मी मॅट्रिकच्या वर्गात दुसऱ्यांदा बसलो होतो. वडील बार्शीला शाळामास्तर. स्वतःच्या शाळेत मुलगा नापास झालेला बघवेना म्हणून त्यांनी मला सोलापूरला आईच्या लांबच्या भावाकडे धाडलं. त्यांना मी मामा म्हणायचो. मामांचं फोटोचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीचं अर्धं छप्पर काचेचं, कारण फोटो उजेडावर निघायचा आणि उजेड वरून यायचा. उन्हाळ्यात त्या काचेखाली गिऱ्हाईक दोन मिनिटं बसलं तरी घामाने निथळायचं. मग फोटो आला की म्हणायचं, मी असा रडवेला नाही.

पहाटे गिरणीच्या भोंग्याबरोबर उठून बीजगणित, मग दुकानात झाडलोट आणि फोटो धुवायच्या औषधांच्या थाळ्या भरणं, मग शाळा, संध्याकाळी हॉकीचं मैदान, आणि रविवारी सकाळी नोकरीचे अर्ज. माझं अक्षर चांगलं होतं. तेवढं एकच चांगलं होतं, त्यामुळे मी अर्ज लिहायचो ते लग्नपत्रिकेसारखे. मॅट्रिक व्हायच्या आधीच मी नोकरी शोधत होतो, कारण दुसऱ्यांदाही नापास झालो तर बार्शीला कोणत्या तोंडाने जायचं हा प्रश्न होता.

मामांचं डोकं मात्र तिसरीकडेच होतं. कुठल्याशा बुडालेल्या कंपनीचा हाताने फिरवायचा सिनेमाचा कॅमेरा त्यांनी घेतला होता आणि आता त्यांना सिनेमा काढायचा होता. त्यांच्या सिनेमाची गोष्ट दर आठवड्याला बदलायची. या आठवड्यात राजा, पुढच्या आठवड्यात चोर. मी त्यांचा सहायक ठरलो होतो. कॅमेऱ्याचा दांडा एका गतीने फिरवावा लागतो, नाहीतर माणसं पडद्यावर उड्या मारतात. मामा ती गती सांभाळायला लहानपणी ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या पुटपुटायचे. जात्याचा खुंटा फिरवावा तसे ते डोळे मिटून फिरवत राहायचे, आणि समोर काय चाललंय ते बघायचं काम माझं.

पहिली परीक्षा म्हणून त्यांनी हॉकीचा सामना घ्यायचं ठरवलं. स्टेशनामागच्या मैदानावर रेल्वेचा संघ आणि गिरणीचा संघ यांचे सामने व्हायचे. रेल्वेवाल्यांच्या पायांत बूट, अंगात पांढरे सदरे. गिरणीवाले अनवाणी. जमीन अशी तापलेली असायची की बघणारे आम्हीसुद्धा एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचो. मामा एका टोकाला सिनेमाचा कॅमेरा घेऊन उभे, आणि दुसऱ्या बाजूच्या रेषेवर मी, तीन पायांच्या तिकाटण्यावरचा, काचेवर फोटो उतरवणारा कॅमेरा आणि डोक्यावर काळं फडकं घेऊन. रेल्वे संघाने त्यांचा एकत्र फोटो काढायला सांगितला होता. पण मला खरा नाद होता तो धावतं माणूस काचेवर धरायचा. एका सामन्याला मला दोनच काचा मिळायच्या, त्यामुळे शंभर वेळा मोह आवरावा लागायचा.

त्या दिवशी दुसरी काच मी गिरणीच्या लेफ्ट आउटसाठी, म्हणजे डाव्या कडेने खेळणाऱ्या पोरासाठी वापरली.

तो माझ्याच वयाचा, माझ्याच बांध्याचा. मंगळवेढ्याकडच्या धनगराच्या घरातला. बाप गेल्यावर आईला घेऊन सोलापूरला आला होता; तो गिरणीत आणि आई घरी मागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. हॉकी त्याला कोणी शिकवली नव्हती. लहानपणापासून हातात काठी होती आणि पुढे मेंढरं होती, एवढ्यावरच तो खेळायचा. कळपातून फुटणारं बकरं वळवावं तसा तो चेंडू वळवायचा, अगदी अलगद, आणि बूटवाले त्याच्यामागे नुसते धूळ उडवत राहायचे.

सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला.

"काड की राव, माजा बी एक फोटू."

"नीट उभा राहा मग."

"नीट कशाला? हाय असाच काड."

चेंडू काठीखाली दाबून, मान जरा वाकडी करून तो उभा राहिला. धाप लागलेली होती आणि तो हसत होता. मी कॅमेऱ्याची झडप उघडणारा रबरी फुगा दाबला. तो फोटो मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता. हे मी नम्रता सोडून सांगतो, कारण आता खोटं ठरवायला तो फोटो कुठेच नाही.

काच धुऊन वाळल्यावर तो दुकानात बघायला आला. उजेडासमोर धरली तर तोंड काळं आणि केस पांढरे.

"आयला! मी म्हातारा झालो की," म्हणून तो इतका हसला की मामा आतून ओरडले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आई वळकायची न्हाय ह्यात मला."

"कागदावर आला की ओळखेल. काचेवर सगळं उलटं असतं."

"मग कागदावर दे. तिनं माजा फोटू कंदी बगितला न्हाय."

छपाईचा कागद मामांच्या कुलपात असायचा. मी म्हणालो, पुढच्या बाजारी ये. तो पुढच्या बाजारी आला, तेव्हा माझी परीक्षा जवळ आली होती. त्याच्या पुढच्या बाजारी आला, तेव्हा मामा गावाला गेले होते. तो चिडला नाही. दुकानात इंग्रजी साप्ताहिकांचे जुने अंक पडलेले असायचे, ते उलटत बसला. एका पानावर गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळणारी माणसं होती. पायांत पाती लावलेले बूट, तोंडातून वाफा. सोलापुरात बर्फ यायचा तो भुशात आणि गोणपाटात गुंडाळून, घरी नेईपर्यंत निम्मा व्हायचा. त्या बर्फावर माणसं धावतात हे त्याला पटेना.

"बर्फावर पाय भाजत नसतील, न्हवं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नसतील. त्याने ते पान बराच वेळ मांडीवर धरलं होतं.

आता नोकरीचं सांगतो, म्हणजे माझी लाजही सांगून होईल. रेल्वेच्या कचेरीत एक साहेब होते, हॉकीचे वेडे. त्यांच्या हाताखाली कारकुनाची जागा होणार असं ऐकून मी अर्ज टाकला, आणि त्यांनी मला एका सोमवारी सकाळी दहाला बोलावलं. मी ठरवलं, रिकाम्या हाताने जायचं नाही. त्यांच्या संघाचा फोटो चौकटीत बसवून न्यायचा. फोटो छापून तयार होता, लाकडी चौकट मिळाली, पण काच नव्हती. रविवार असल्यामुळे फ्रेमवाल्याचं दुकान बंद. तेव्हा सगळेच फोटोवाले एक करायचे: ज्या काचांना गिऱ्हाईक उरलं नाही त्या गरम पाण्यात आणि धुण्याच्या सोड्यात टाकून खरवडायचे आणि ती साधी काच चौकटीला वापरायचे. पण दुकानातली एकेक काच मामांना पाठ होती. एखादी नाहीशी झाली असती तर त्यांनी मला बार्शीच्या गाडीत बसवलं असतं.

मामा जिचा हिशेब ठेवत नव्हते अशी काच एकच होती, लेफ्ट आउटची. ती माझी होती.

मी फार विचार केला असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी घमेल्यात पाणी तापवलं, सोडा टाकला आणि मनात एवढंच म्हणालो, पुन्हा काढू. पोरगा तर रोज मैदानावर असतो. दहा मिनिटांत त्याचं तोंड साय सुटावी तसं सुटून आलं आणि पाण्यात गेलं. मी काच घासून पुसून लख्ख केली. मला आपल्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

साहेब खूश झाले. माझ्यासमोरच खिळा ठोकून त्यांनी ती चौकट भिंतीवर लावली आणि म्हणाले, जागा अजून मंजूर झालेली नाही, चौकशी करत राहा.

वैशाखात त्याला ताप भरला. मला मैदानावर कळलं. विषमज्वर होता. म्हणून तो दिसत नव्हता आणि मी मात्र मनात बरं झालं म्हणत होतो, म्हणजे फोटोचं विचारायला तो येणार नाही. मी भेटायला गेलो नाही. जायला हवं होतं. तेराव्या की चौदाव्या दिवशी तो गेला. डोक्यावर ठेवायला बर्फ आणला होता, आणि तो बर्फ लावला की त्याला वाटायचं आपण खेळतोय. पाय हलवायचा, असं नंतर त्याच्या आईने मला सांगितलं.

त्याचं दिवसकार्य झालं तशी ती दुकानात आली. हातात त्याची काठी, आणि काखेत त्याचा खेळायचा सदरा. मामा बाहेर गेले होते.

"फोटूवालं दादा तुमीच का? माज्या लेकाचा फोटू हाय हितं. त्यो सांगून गेलाय."

मी गल्ल्यावरची धूळ झटकू लागलो. तिला वाटलं मला कोणता मुलगा ते कळत नाही. तिने काठी आणि सदरा माझ्यासमोर ठेवला.

"ही बगा, म्हंजी वळकाल. लई जनांचे फोटू असत्याल तुमच्याकडं. ऱ्हाऊ द्या ह्या वस्तू, निवांत हुडका."

मी विचारलं, "मावशी, फोटो कशाला हवाय?" काय मूर्ख प्रश्न! पण ती रागावली नाही. तिने सांगितलं की तिच्या घरात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवात ठेवतात, तसा याचाही केला आहे.

"पर टाकाला समद्यांचं त्वांड सारकंच असतंय, दादा. सोनार एकाच साच्यात ठोकतोय. माज्या सासऱ्याचं बी तेच, मालकाचं बी तेच. मला माज्या पोराचं त्वांड पायजे. आत्ताशी डोळं मिटलं की दिसतंय, पर किती दिस दिसंल?"

एवढं बोलून ती पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसून वाट बघू लागली. काच लगेच सापडेल अशा बेताने बसली होती. मी म्हणालो, आठ दिवसांनी या. काच आहे, पण खाली कुठेतरी गेली आहे.

काच पुसली, असं मला सांगता आलं असतं. दोन शब्द होते. ती रडली असती, कदाचित मला शिव्या दिल्या असत्या, मामांनी हाकललं असतं. हे सगळं मी आज घासाघीस न करता पत्करीन. तेव्हा मला फक्त दुकान, परीक्षा आणि ती मंजूर व्हायची जागा दिसत होती. आणि खरं सांगायचं तर तिला रिकाम्या हाताने पायरी उतरताना बघायची मला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा झोपल्यावर मी त्याचा सदरा अंगात घातला. त्याला घामाचा वास होता, आणि तो मला नेमका बसला. काचेच्या छपराखाली मी त्याची काठी धरून, चेंडूच्या जागी काठीखाली लांब नळीचा रबरी फुगा ठेवून उभा राहिलो आणि मान तशीच वाकडी केली. फुगा दाबताना जाणूनबुजून जरा हललो. काच धुतल्यावर मी तीन दिवस तिच्यावर पेन्सिल मारत बसलो. दुकानात मी तेच काम करायचो, बायकांचे देवीचे वण घालवायचे, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या कमी करायच्या. इथे उलटं होतं. भुवया जाड केल्या, गाल भरले, त्याच्या हनुवटीवर होती ती खोक रेखाटली. मला त्याचं तोंड आठवत होतं, चांगलं आठवत होतं. पण जसजशी पेन्सिल फिरू लागली तसतसं काचेवरचं तोंड खरं वाटू लागलं आणि आठवणीतलं मागे सरकू लागलं. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून बघितलं तर मला काचेवरचंच तोंड दिसलं. मी पेन्सिल ठेवून दिली.

मामांच्या नकळत कुलपातून कागद काढून मी तो छापला. ती ठरल्या दिवशी आली. कागद दोन्ही हातांत धरून तिने बराच वेळ बघितलं.

"बारीक दिसतोय की."

"धावून दमला होता."

"डोळं वायलंच वाटत्यात."

"तो हलला ना मावशी, म्हणून."

"फोटूत मानूस असंच दिसतंय व्हय?"

मी हो म्हणालो. एवढ्या तीन प्रश्नांत तिने मला तीन वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या आणि मी तिन्ही बंद केल्या. मग तिने फोटोवर हात फिरवला, कपाळावरून खाली, आजारी मुलाच्या तोंडावरून फिरवावा तसा. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या स्वतःच्या कपाळावर काटा आला.

ती माझे उपकार मानत गेली. तिथे गोष्ट संपली असती तर मी ती कदाचित विसरलोही असतो.

पुढच्या वर्षी भाद्रपदात ती पुन्हा दुकानात आली, पितृपक्षातल्या म्हाळाचं जेवायला बोलवायला. त्यांच्याकडे ज्याच्या नावाने म्हाळ घालायचा, त्याच्या वयाचा, त्याच्या ओळखीचा एक माणूस पाटावर बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात आणि गेलेला माणूस समजून जेवू घालतात. त्याला पितर म्हणतात.

"तुज्यावानी त्याच्या जोडीचा दुसरा कोन हाय? तूच बस लेकरा," ती म्हणाली. एका वर्षात मी 'दादा'चं 'लेकरू' झालो होतो.

मी गेलो. गिरणीजवळच्या चाळीतली एकच खोली, कोपऱ्यात कांड्या भरायचा रहाट. समोरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो, त्याला कुंकू, खाली समई. तिने माझे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं. दुधातल्या शेवया, भाकरी, शेंगाची चटणी, त्याच्या आवडीची म्हणून घट्ट आमटी. मी मान वर केली की समोर मी, हार घातलेला. मान खाली घातली की पानात त्याचा घास. माझ्याच श्राद्धाला मी जेवत होतो आणि वाढणारी मला म्हणत होती, "जेव की रं, लाजतोस काय, तुजंच घर हाय."

असे सहा म्हाळ मी जेवलो. न जाण्याची कारणं दर वर्षी तयार ठेवायचो आणि दर वर्षी जायचो. कारण तिने वाट बघत बसणं मला कल्पनेतही सहन व्हायचं नाही. तिसऱ्या वर्षी ती फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "तुज्यात त्याची झाक हाय, बग." त्यानंतर मी मिशी वाढवली. चष्मा लागला तेव्हा मला आनंद झाला, असा आनंद झालेला मी एकटाच असेन.

मॅट्रिक मी मधल्या काळात पास झालो आणि साहेबांची जागाही मंजूर झाली. माझ्याआधी पंधरा-वीस अर्ज होते. साहेब म्हणाले, तो हॉकीच्या फोटोवाला मुलगा बोलवा. म्हणजे नोकरी मला त्या चौकटीनेच दिली. माझं टेबल तिच्या बरोबर खाली होतं. पौषातल्या एका सकाळी कचेरीत मी एकटाच होतो. धूळ पुसायला म्हणून चौकट उतरवली आणि काचेवर तोंडाची वाफ सोडून फडकं मारणार, तोच हात थांबला. वाफेत एक खांदा दिसला. वाकडी मान दिसली. खाली काठीची रेघ. तोंडाच्या जागी मात्र मागच्या फोटोतल्या रेल्वे संघाचे बूट. वाफ उडाली आणि सगळं गेलं. मी पुन्हा वाफ सोडली, पुन्हा आलं. मला ओरडावंसं वाटलं. मी चौकट जागेवर लावली आणि दिवसभर मालगाड्यांच्या नोंदी केल्या. त्यानंतर मी तिथे चार हिवाळे काढले आणि ती चौकट कधी पुसली नाही.

मामांचा सिनेमा झाला नाही. बोलपटांनी मुकं काही विकत घेणारं कोणी ठेवलं नाही. सहाव्या म्हाळानंतर त्यांनी दुकान आवरायला काढलं आणि मला मदतीला बोलावलं. माळ्यावरून एक पत्र्याचा डबा निघाला. आत छापलेल्या फिल्मचं भेंडोळं. मी एक टोक उजेडासमोर धरलं. पांढरे सदरे, धूळ, आणि एकेका चौकोनात जरा जरा पुढे सरकणारा एक अनवाणी मुलगा. पुढच्या एका चौकोनात त्याने तोंड वळवलेलं होतं, सरळ आमच्याकडे. हसत होता. हनुवटीवरची खोक मी डाव्या बाजूला काढली होती, ती उजव्या बाजूला होती.

मी माळ्याखाली बसून रडलो. मामांनी विचारलं काय झालं, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. मामा रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "तिला आण. पडद्यावर दाखवायचं यंत्र अजून चालतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन आलो. वाटेत शब्द जुळवत होतो. आधी तिचा मुलगा तिला दिसू दे, तो धावू दे, हसू दे. मग पाय धरायचे आणि सांगायचं. एवढं मोठं देणं हातात असल्यावर ती कदाचित क्षमा करेल, असा माझा हिशेब होता. तिची नजर चांगली होती, हे सांगायला हवं. सुईत दोरा ती एका फटक्यात ओवायची.

आम्ही काचेच्या छपरावर गोणपाट टाकून अंधार केला, भिंतीवर धोतर ताणलं. तिला खुर्ची दिली पण ती खाली बसली. मामांनी दिवा लावला आणि दांडा फिरवायला सुरुवात केली, ओव्या पुटपुटत.

धोतरावर मैदान आलं. बूट आले, धूळ आली. मग डाव्या बाजूने तो आला. मी तिच्याकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. तो चेंडू वळवत पुढे आला, बूटवाले मागे पडले, त्याने तोंड वळवलं आणि हसला. सहा वर्षांनी मला त्याचं तोंड पुन्हा मिळालं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिथे काहीच हललं नाही. खेळ बघणाऱ्या कोणाचंही असावं तसं ते तोंड होतं.

मग ती एकदम गुडघ्यांवर उठली.

"थांबवा! थांबवा की! त्यो बगा माजा लेक!"

तिचं बोट पडद्याच्या कडेला होतं. तिथे रेषेवर तिकाटण्याजवळ, काळं फडकं डोक्यावरून मागे सारून मी उभा होतो. एकोणीस वर्षांचा, बिनमिशीचा, बिनचष्म्याचा, मान जरा वाकडी करून.

मामांना थांबता येत नव्हतं. दांडा थांबला की दिव्याच्या धगीने फिल्म पेटते. ते फिरवत राहिले, ओवी मात्र बंद पडली. ती हात जोडून, रडत, हसत पडद्याच्या कडेकडे सरकली आणि माझ्या सावलीच्या तोंडावरून तिने हात फिरवला. मैदान संपलं, पांढरा उजेड राहिला.

"पुन्यांदा दावा," ती म्हणाली.

मामांनी भेंडोळं उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. मला वाटतं, ते मला वेळ देत होते. पुन्हा डाव्या बाजूने तो आला. या वेळी तिने त्यालाही बघितलं. तो हसला तेव्हा तीही जराशी हसली.

"ह्यो पळतोय त्यो कोन रं लेकरा? माज्या पोरासंगं खेळायचा का?"

मी म्हणालो, "हो. लेफ्ट आउट होता."

"होता? म्हंजी?"

"तापात गेला."

"आरं द्येवा." ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली. तो दुसऱ्यांदा तोंड वळवत होता. "ग्वाड पोरगं हाय. आई हाय का त्याची?"

"आहे."

"तिच्यापाशी फोटू हाय त्याचा?"

मामांचा हात फिरत होता.

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग ह्यातला एक काडून दे की तिला. मला दिलास तसा."